तीन जणांपुरतं फुकट

मे महिना. इंदोऱ्यात प्रज्ञेशच्या गच्चीवरची खोली.
कूलर तासाला बादलीभर पाणी पिऊन राहिला.
माणसं चार, लॅपटॉप तीन
(माझा बर्डीवर दुरुस्तीला),
अन् प्रश्न एकच, आपला कोड ठेवायचा कुठे.

आतापर्यंत तो पेनड्राइव्हवर फिरला,
इंदोरा ते मानेवाडा, अल्तमशच्या खिशातून.
एकदा शर्टासोबत धुण्यातही गेला,
वाळवल्यावर चालला, नशीब.
फोल्डरांची नावं : फायनल, फायनल दोन,
खरंच फायनल, इंद्रायणी-म्हणते-फायनल.

मी कागदावर जागा लिहिल्या.
एक उघडी. फुकट. कुणीही यावं, वाचावं, न्यावं.
एक बंद. तीन जणांपुरती फुकट,
चौथा आला की दरमहा, दरमाणशी, डॉलरात.
अन् एक प्रज्ञेशचा जुना डेस्कटॉप,
जो कूलरपाशी ठेवला तर गंजते
अन् दूर ठेवला तर पेटते.

"उघडाच ठेवू ना बे," अल्तमश म्हणाला.
"चोरण्यासारखं आहे काय आपल्याजवळ?
कोणी दोन चुका काढून देईल, झाला तर फायदाच."
खरं होतं त्याचं.
सिकलसेलच्या पोरांना आठवण करून देणारं ॲप,
रक्त कधी चढवलं, पुढची तारीख कोणती,
आज पाणी किती प्यालास.
चोराला त्यात काय.

"बंद पाहिजे," इंद्रायणी म्हणाली.
काहून?
"बंद म्हणजे बंद."
तर्री गार झाली, तिचा चमचा पोह्यात नुसता फिरत होता.

जिन्यात प्रज्ञेशच्या आईच्या कानावर
आमचं अर्धंच पडलेलं :
कोड लपवायचा का उघडा ठेवायचा.
दारात येऊन त्या हळूच म्हणाल्या,
"कोणाला निघालं रे, बापा? लपवू नका,
लग्नाच्या वेळी लोक लपवतात अन् मग पस्तावतात.
आता औषध असते त्याच्यावर."
आम्ही तिघं हसून हसून आडवे.
इंद्रायणीने पाण्याचा गिलास उचलला,
रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

दुपारी सगळे लवंडले.
न्यायच्या आधी कोड साफ करायचं काम माझ्याकडं.
डेस्कटॉपवर जुने बदल उलटे चाळत गेलो,
मेपासून जानेवारीपर्यंत,
अन् तळाशी चाचणीच्या यादीत पहिलंच नाव :
ओजस पराते, वय नऊ, पाचपावली,
रक्तगट, मागच्या सहा तारखा,
अन् एक मोबाइल नंबर
जो माझ्या फोनात 'इंद्रायणी घर' म्हणून आहे.
दोन दिवसांनी तिनंच ते पुसलं होतं,
जागी लिहिलं होतं : अबक, वय शून्य.
पण या वहीत पुसलेलंही राहते,
तारखेसकट. रात्री दोन वाजून सतरा मिनिटं.

चार वर्षं एका बाकावर बसलो आम्ही.
तिला भाऊ आहे, एवढं मला माहीत होतं.
तो क्रिकेटला येत का नाही, हे मी
एकदा विचारलं होतं, वाटते. उत्तर ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी म्हणालो, बंदच घेऊ.
अन् जुना इतिहास नेत नाही, जड होते,
आजपासून कोरं सुरू करू.
"इतिहास जड होते?" प्रज्ञेशला पटलं नाही,
दोन-चार एमबी तर होता.
इंद्रायणीने माझ्याकडे पाहिलं,
मी कूलरच्या टाकीत पाइप सोडायला उठलो.

राहिला चौथ्याचा प्रश्न.
माझा लॅपटॉप तसाही बर्डीवर पडलेला,
म्हटलं, तिघांची नावं टाका,
मी अल्तमशच्या बाजूला बसून लिहीन.
तेव्हापासून त्याच्या नावावर
त्याला न समजणारा बराच कोड आहे,
अन् तो लोकांना बिनधास्त समजावून सांगते.

जूनमध्ये लॅपटॉप दुरुस्त होऊन आला.
मी कोणाला सांगितलं नाही.