आडवा आठ

चाळीसपट मोठा खांदा करून पाहिजे म्हटल्यावर
इलाही मिस्त्रींनी कागद उलटा धरला.
"कशाचा? पंपाचा?"
पक्ष्याचा, म्हटलं. हमिंगबर्डचा.
आपल्याकडं नसतो तो.
"नसंना का. ड्रॉइंग हाय न्हवं?"

उद्यमनगरात दुपारची लाइट गेलेली,
लेथ गप्प, कुलंटचा शिळा वास.
मी सांगत गेले:
दंडाचं हाड इवलंसं, कोपर अंगालगत,
बाकी जवळजवळ सगळा पंख म्हणजे पंजाच.
आणि पंख वर ओढणारा स्नायू
वर नाहीच. तोही खाली, छातीत,
त्याची दोरी खांद्याच्या भोकातून जाऊन वळते
आणि…
"म्हंजे कप्पी," मिस्त्री म्हणाले.
"हिरीवरची. वढायचं खाली, यायचं वर."
तीन वर्षं पोरांना जे शिकवत होते
ते एका शब्दात आटोपलं.

पितळ त्यांनी जुन्या व्हॉल्व्हमधून काढलं.
आठवड्यानं गेले तर गोळा वाटीत बसलेला,
कप्पीवरून सायकलच्या ब्रेकची तार.
मागं जाताना पंख खरंच उताणा होतो का,
हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.
होतो. म्हणून जातानाही हवा दाबतो, येतानाही,
एक फटका जड, दुसरा जरा हलका,
आणि टोक हवेत आठ काढतं.
त्यांनी खडूनं फरशीवर ८ काढला.
हा नव्हे, आपला आठ उघडाच राहतो.
इंग्रजी. तोही आडवा पाडलेला.
खडू हातात धरून बघत बसले.
"दम कवा खातंय मग?"
रात्री. थंड पडतो, काळीज अगदी मंद करतो,
मेल्यासारखा. सकाळी परत चालू.
"डिझेल इंजिनागत," म्हणाले,
"थंडीत हँडल मारावं लागतंय."

तार ओढून दाखवताना माझ्या लक्षात आलं,
त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही.
खांदा गोठलाय, म्हणतो डॉक्टर.
गेल्या मोहरमात पंजाही
पुतण्यानं उचलला.

लाइट आली. शेजारचा लेथ घरघरला.
मिस्त्रींनी कोपर बरगडीला चिकटवलं,
उरला तेवढा हात पुढं केला,
तळवा पालथा, तळवा उताणा,
पालथा,
बोटांना लागलेला पितळेचा कीस
चमकून विझत होता.

"बघा मॅडम,
मिटला का आठ?"