सव्वासहाची नोंद

इंदूरला पेरूला जाम म्हणतात.
कृषी महाविद्यालयाच्या मागच्या बागेत
सतरा नंबरच्या जामाखाली मी बसते,
मांडीवर वही, टॉर्चला लाल कागद.

सव्वासहाला नर येतात.
पानाच्या खालच्या अंगाला एकेक फळमाशी,
जणू खसऱ्यात नाव चढलंय.
पंख थरथरवतात, काहीतरी गंध सोडतात.
मला तो येत नाही.

शेजारचा आगाऊपणे उतरला
की कपाळाला कपाळ.
रेटारेटी. चार सेकंद, कधी सहा.
हरलेला लांब जात नाही,
दोन पानं सोडून
पुन्हा पंख.

बिडवईसर सांगतात,
तुळस चाखून आलेल्या नराकडे माद्या जास्त वळतात.
आई विचारते,
रोज तुळशीची पानं नेतेस कुठे?

मग ती येते.
देठापासून टोकापर्यंत चालते.
चालून दाखव, असं तिला कुणी म्हटलेलं नाही.
तो थरथरतोय.
ती पाहते,
पुढचे पाय एकमेकांवर घासते,
उडते.
पुढचं पान.
पुढचं.

वहीत लिहायचं असतं :
पान क्रमांक, वेळ, नकार.
कारणाला रकाना नाही.
मी पहिल्यांदा वही आखली तेव्हा
एक आखला होता,
सरांनी पट्टीने खोडला.

अकराव्या पानावर थांबली.
पाठीवर पांढरा ठिपका असलेला तो,
ठिपका मीच लावलेला, मंगळवारी.
आता पहाटेपर्यंत दोघं तशीच.

रामबागेतून फोन :
देवासची मंडळी रविवारी येतायत, सहाच्या सुमारास,
ती मोरपंखी नेस.

म्हटलं, सहाला मी नसते.