रास

रेडकर मुकादमानं बांधावर काठी रोवली:
गुडघाभर राशीला पाच रुपये,
कमरेएवढीला दहा.
उंची दुप्पट, दाम दुप्पट. झाला हिशोब.

आईला अक्षर येत नव्हतं.
टोपल्या येत होत्या.
गुडघ्याशी बारा. कमरेशी पोचेतो
शहाण्णव झाल्या, तेव्हा मान चोळत थांबली.
"उंची तुका दिसता रे.
रुंद झाली, मागे फुगली,
ता माज्या मानेक म्हायत."

"मग लहानच घाल. आठ."

"घालतंय. पण चुडतां?"

लहानीला चार पुरतात, मोठीला सोळा.
आठ लहान झाकायच्या तर बत्तीस,
आणि चुडतं शेठच्या खात्यावर.
मुकादमानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
मग शिरोड्याच्या खाडीकडे बघत
विडी शोधत राहिला, कानावरच होती.

दर काही ठरला नाही त्या दिवशी.

मी सहा वर्षांची,
मिठागराच्या पांढऱ्या उन्हात लाल झालेली.
"लहान जिवाक ऊन आधी भरता," आई म्हणाली,
"आत कितीसा? सगळी कातडीच."
आणि दंडाला धरून मला बसवलं
त्या भांडणातल्या मोठ्या राशीच्या
सावलीत.