नंतर काय आहे

लॉर्न पेट्रिशिन पडद्यावर कधी दिसला नाही.
एकदाच, चुकून, रेजायनाच्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर
कॅमेरा वळताना सापडला: पाठमोरा, हातात कॉफी.
तेवढी फीत त्याने पुसायला लावली.

विनिपेगला, पोर्टेज अव्हेन्यूवर, चौथ्या मजल्यावर
त्याच्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे आठवडा होता.
सात उभे खांब, अर्ध्या-अर्ध्या तासाची घरं,
घराघरात टाचणीने टोचलेला पुठ्ठा.
हॉकी निळी, फुटबॉल तपकिरी,
कर्लिंग पांढरं, कारण म्हणे
ते बर्फावरचं झाडूकाम,
आणि झाडूकामाला रंग कुठला!

मी त्याच्या हाताखाली एकोणीस वर्षं
टाचण्या सांभाळल्या.

बाप डॉफिनच्या धान्यकोठारात काट्यावर उभा असायचा.
मापात पाप नको, एवढंच त्याच्याकडून घेतलं,
लॉर्न सांगायचा, आणि मग अर्धा तास विकायचा
बियरवाल्याला, टायरवाल्याला,
चिमूटभरही कमी-जास्त न करता.

असं म्हणून सोडून देता आलं असतं.
पण मुलींचं व्हॉलीबॉल
अकरा वर्षं रात्री दोनच्या घरात होतं.
एकदा त्यांची कप्तान आली, ओक्साना का ओलेना,
गुडघ्याला पट्टा, तशीच जिने चढून.
त्याने तिला कॉफी दिली.
ती गेल्यावर तो पुठ्ठा काढला, हातात धरला
बराच वेळ,
आणि परत दोनच्या घरात टोचला.
जुन्याच भोकात.

लेकीचं लग्न मे महिन्यात निघालं,
प्ले-ऑफच्या ऐन भरात.
तो वेळेवर पोचला. केक कापताना तळघरात होता.
फोटोत त्याच्या जागी एक रिकामी खुर्ची आहे
आणि खुर्चीवर कोट.

ब्रॅन्डनची ती रात्र मात्र मी पाहिली.
बायकांच्या कर्लिंगची अंतिम लढत, दहा डाव, बरोबरी.
दहाच्या ठोक्याला बातम्या.
बातम्यांचा क्विग फोनवर एवढा ओरडत होता
की लॉर्नने रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला,
आणि आम्ही क्विगच्या आवाजासकट बघत राहिलो.
फ्लिन फ्लॉनची एक बाई, शाळेची बस चालवणारी,
गुडघा टेकून शेवटचा दगड सोडते.
दगड येतोय.
अजून येतोय.
भात शिजून होईल इतक्या सावकाश येतोय.
बावीस मिनिटं बातम्या दारात उभ्या राहिल्या.

नंतर पत्रांचं पोतं आलं. निम्म्यात शिव्या.
एक पत्र थॉम्पसनच्याही वरून,
पेन्सिलीने: आम्ही जनरेटर दहाला बंद करतो.
त्या रात्री नवऱ्याने केला नाही.
पत्र त्याने कुठे ठेवलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

संपाच्या वर्षी शनिवार ओसाड पडला.
भिंतीवर निळ्याचा ठिपका नाही.
त्याने अठरा वर्षांपूर्वीचा सामना लावला,
आणि नॉर्थ एंडच्या बारमध्ये
माणसं उठून ओरडली
पाठ असलेल्या गोलवर.

मग टोरांटोहून नवे मालक आले, त्यांच्याबरोबर संगणक.
आठवडा आता आपोआप भरतो.
मार्चमध्ये त्याला घड्याळ दिलं, केक दिला,
या वेळी तो केकपाशी उभा राहिला.
रंगारी आला, भिंतीवर हात फिरवून म्हणाला,
हिला काय देवी आल्या होत्या?
पुट्टीचे दोन डबे लागले.

लॉर्न अजून फोन करतो. शनिवारी, साडेनऊला.
काय चाललंय, विचारतो.
मी म्हणते, तुझ्यासमोर टीव्ही आहे ना?
आहे की, तो म्हणतो,
चालू पण आहे.
मी विचारतोय, नंतर काय आहे?