रोटेट

सिम्युलेटरमधला आवाज कुणा तरुण अमेरिकनाचा होता.
'एटी नॉट्स', 'व्ही वन', 'रोटेट',
एकेक शब्द इस्त्री करून टांगलेला.
आणि विमान होतं ब्रिस्टल ब्रिटानिया,
एकोणीसशे अठ्ठावन्नचं, चार पंख्यांचं.
रात्रपाळी संपवून पॅचवेला घरी आलो
की माळ्यावरच्या खोलीत मी ते उडवायचो,
आणि दर वेळी त्या आवाजाला अडखळायचो,
जुन्या फोटोतल्या माणसाच्या मनगटावर
डिजिटल घड्याळ दिसावं तसा.

डेस्मंड पगस्ली आमच्याच गल्लीत राहतात.
वय सत्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं.
ब्रिटानियावर सहा वर्षं फ्लाइट इंजिनिअर,
हे मला कळलं ते कचऱ्याच्या डब्यांवरून बोलताना.
आवाज द्याल का, विचारलं भीत भीत.
म्हणाले, कशाला? आम्ही काय नाटकात होतो?
पण रविवारी दार उघडलं तेव्हा
टाय बांधलेला होता.

पहिल्यांदा त्यांनी वाचलं बातम्यांसारखं,
दुसऱ्यांदा चर्चमध्ये वाचतात तसं.
तिसऱ्यांदा मधेच कागद पालथा घातला.
'असं कुणी बोलत नसे.
निम्मं तर आम्ही बोलायचोच नाही.
कॅप्टन थ्रिंगचा हात लिव्हरवर,
माझा त्याच्या मागे, टेकलेला.
हात घट्ट राहिला, म्हणजे सगळं ठीक.
हे तू कसं टिपणार?'

माझ्याकडे माइक होता, उत्तर नव्हतं.
ते खुर्चीत जरा हलून बसले.
'ही खुर्ची मेलेली आहे,' म्हणाले.
'खाली थरथर नसली की मला आठवत नाही.'

स्वयंपाकघरात बेरिलबाईंचे टॉवेल
धुऊन होत आले होते.
पगस्ली उठले, खुर्ची ओढत ओढत नेली
आणि पाठ मशीनला लावून बसले.
'डेस, अरे वेडा का तू?'
तेवढ्यात पिळायचा फेरा सुरू झाला.

फरशी थरथरली. फळीवरच्या बशा किणकिणल्या.
त्यांनी हात पुढे केला, हवेत,
कुणाच्या तरी हातामागे.
मान खाली गेली, डोळे बारीक झाले.
आणि आवाज आला, कोरडा, खालच्या पट्टीतला,
शेजारच्या माणसाला पोचेल एवढाच:
'व्ही वन.'

मग काहीच नाही.
बेरिलबाईंच्या हातात किटली तशीच.
नंतर घरी मोजलं मी: साडेचार सेकंद.
एवढं वजन, एवढी माणसं, आता थांबायची सोय नाही,
आणि जमीन अजून सुटलेली नाही,
तेवढं सगळं त्या साडेचार सेकंदांत बसलं.
'रोटेट.'

मशीन हळूहळू थांबलं, खट्ट करून दार सुटलं.
त्यांचा हात अजून वरच.
बेरिलबाई मला हळूच म्हणाल्या,
'झोपेत रोज म्हणतो हा व्ही वन.
पुढचा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला.'

घरी येऊन आवाज स्वच्छ करायला घेतला.
मशीनची घरघर पुसली,
तर पगस्लीही पुसले गेले,
उरला टाय बांधलेला एक म्हातारा.
म्हणून परत आणली ती घरघर,
चारही इंजिनांच्या खाली, एका धाग्याएवढी.

फिल्टनच्या धावपट्टीवर आता घरं उठतायत,
एका खिडकीला तर पडदेही लागलेत.
माझ्या पडद्यावर ती अजून मोकळी आहे, ओली.
रात्री दोन वाजता मी लिव्हर पुढे ढकलतो,
रॉकेलचा वास येतो, खोटं नाही सांगत.
शंभर नॉट्स. एकशे दहा.
'व्ही वन.'
मी श्वास धरून वाट बघतो,
आणि नेमकी तेव्हाच खालच्या खोलीतून
अनघाची झोपाळलेली हाक:
'अरे, मशीन लावलंस का तू,
या वेळी?'