तेवीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद

लेसोथोत, रोमा गावी,
विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत
दोन पोती येऊन पडली आहेत. दोन्हींत लेंगाना.
आपल्या दवण्याची ही डोंगरातली चुलतबहीण,
देवाला वगैरे कुणी वाहत नाही हिला,
थेट नाकात कोंबतात:
पानांची सुरळी, एक या नाकपुडीत, एक त्या,
आणि वरून घोंगडी, आत वाफ.

पहिलं पोतं विभागाच्या पोरांनी भरलं
भर दुपारी, ओढ्याच्या खालच्या अंगाला,
जीपपासून फार लांब न जाता.
दुसरं मे मामोहाऊनं,
पहिलं हिव पडून गेल्यावर, ऊन टेकायच्या आत,
ओढा ओलांडून, वर.
म्हणाली होती, खालची डोकं गरगरवते.
पोटुशीला तर दाखवूही नका.
तिचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही.
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

रेलेबोहिले पाणी उकळतो.
वाफ पाल्यातून चढते, काचेत थंडावते,
थेंबाथेंबानं उतरते आणि पाण्यावर
पिवळसर तेलाची साय धरते.
अर्ध्या किलोमागे चमचाभर, तोही जेमतेम.
त्यातला टिपूसभर यंत्राच्या पोटात जातो,
तिथे साठ मीटर नळी, केसासारखी,
वेटोळं घालून बसलेली.
हेलियम मागून ढकलतो,
आणि ज्याचा जीव नळीत जितका गुंततो
तो तितका रेंगाळतो;
जत्रेतून परतावं तसे:
पोरं पुढे, म्हातारे मागून.

कागदावर सुळके उगवतात.
सिनिओल, निलगिरीच्या वासाचा.
कापूर, तो तर ओळखीचाच.
आणि थुजोन, जंतूंवर धावून जाणारा;
मात्रा चुकली की माणसाच्याच मेंदूतला
लगाम सैल करतो, अंगाला आचके देतो.
पोरांच्या पोत्यात थुजोन कागदाबाहेर जायला बघतोय.
मे मामोहाऊच्या पोत्यात तो बुटका,
टेकाडाएवढा.

प्राध्यापक चष्मा कपाळावर सारतात.
एकच जात, रसायनं दोन तऱ्हांची, म्हणतात,
वा, हे नवीन आहे.

मग जंतूंची बशी.
आगरवर पसरलेली पिवळी वस्ती,
मधोमध तेलात बुडवलेली कागदाची टिकली.
रात्रभर सदतीस अंशांची ऊब.
सकाळी टिकलीभोवती सारवल्यासारखं स्वच्छ अंगण,
चौदा मिलिमीटर.
एकेकाला सुटं करून पाहिलं:
थुजोन आठ. सिनिओल सात.
कापूर सहा,
म्हणजे टिकलीच सहाची, म्हणजे काहीच नाही.
रेलेबोहिले पुन्हा मोजतो.
चौदा कुठून आले?

एक सुळका उरतो, नखाएवढा,
तेविसाव्या मिनिटाला, एक्केचाळिसाव्या सेकंदाला.
संगणकाच्या पोतडीत हजारो नावं,
हे नाही.

शुक्रवारी मे मामोहाऊ आली ती
पोतं परत न्यायला.
चांगलं पोतं होतं, म्हणाली, मक्याचं.
रेलेबोहिलेला पडसं. आवाज घोगरा.
त्यानं तिला स्टूल दिलं, यंत्राच्या कडेला
वास घ्यायची काचेची तोटी असते, तिच्यापाशी.
थांब थोडी, म्हणाला.
ती थांबली. मधे पोत्याची शिवण तपासली.
सिनिओल गेला, तिनं मान हलवली.
थुजोन गेला, तिनं तोंड वाकडं केलं.
कापूर गेला.
बराच वेळ काहीच गेलं नाही.

तेवीस, एक्केचाळीस.

हं, ही, म्हणाली.
हिला शेळी शिंकते.
ज्या झुडपापाशी शेळी शिंकेल
त्याचंच खुडायचं.
तुम्ही काय बघून खुडता?

रेलेबोहिलेला उत्तर सुचलं नाही.
तिनं पोत्याच्या तळातली चार पानं झटकली,
तळहातावर चोळली, सुरळ्या केल्या,
आणि पांढऱ्या कोटातल्या त्या शिकल्यासवरल्या माणसाच्या
दोन्ही नाकपुड्या बंद करून
पोतं काखेत मारून निघून गेली.

नाकात पाला तसाच ठेवून
त्यानं तक्ता उघडला.
‘अनोळखी’ खोडून लिहिलं: शेळी शिंकते.
सोमवारी प्राध्यापक ते काढून टाकतील.
आज शुक्रवार आहे.