बिजागरी

अर्जात एक चौकट आहे :
हाच विषय का? पाचशे शब्दांत लिहा.

तीन रात्री लिहितेय, खोडतेय.
पहिल्या रात्री लिहिलं, पॉलिमर म्हणजे उद्याच्या जगाचा पाया.
वाक्य कुठल्याशा माहितीपत्रकातून उचललेलं,
रिकाम्या ड्रमवर टिचकी मारावी तसं वाजलं.

दुसऱ्या रात्री खाडी लिहिली.
दिवाळे गावच्या जेट्टीवर, ओहोटीला,
आईच्या जाळ्यात कोळंबीपेक्षा पिशव्या जास्त.
ती त्या निवडते, तांदळातले खडे निवडावे तशी,
शिवी न देता.
खरं आहे सगळं. पण वाचणाऱ्याला वाटेल
मी प्लॅस्टिकवर सूड उगवायला येतेय.
आणि तिचं जाळं? तेही नायलॉनचंच.
आजा सुती जाळं ऐनाच्या सालीत उकळायचा, दर पंधरवड्याला,
चुलीपाशी बसायची आई.
तिच्यासमोर सुताचं कौतुक करून बघा.

आज तिसरी रात्र. खरं काय ते लिहिते.

बीएस्सीनंतर दोन वर्षं, रबाळ्याच्या एमआयडीसीत,
एका गाळ्यात मी डबे तपासले.
डबा आणि झाकण एकाच साच्यातून निघतात,
मधे नखाएवढी पातळ पट्टी,
तीच बिजागरी. खिळा नाही, कडी नाही.
मार्चमध्ये एक लॉट परत आला, चार हजार नग.
वीसदा उघडलं की पट्टी तुटते.
मालक म्हणाले, दाण्यात भेसळ.
दाणेवाला म्हणाला, साचा झिजलाय.
साचेवाला फोन उचलेना.
मी रजिस्टर काढून बसले.
तापमान तेच, दाब तोच, पोत्यावरचा नंबरही तोच.
बदललं होतं एकच :
त्या आठवड्यात रामसुमेर गावी होता, बहिणीच्या लग्नाला.

परतल्यावर विचारलं. त्याला कळेना मी काय विचारतेय.
मशीनचं दार सरकलं,
चटका देणारा नग त्यानं उचलला
आणि ट्रेमध्ये टाकण्याआधी, न बघताच,
झाकण एकदा मिटलं, उघडलं.
एवढंच.
हे कशाला?
"गरम असताना एकदा वाकवलं, की जन्मभर वाकतं.
थंड झाल्यावर शिकवायला जाल, तर मोडेल."
कोणी सांगितलं? दमणच्या कारखान्यातल्या उस्तादानं.
त्याला कोणी?
"ते मला काय माहीत."

रामसुमेरच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालीत,
बँकेतलं अंगठ्याचं यंत्र त्याला ओळखत नाही.

पुस्तकात एक परिच्छेद सापडला :
रेणू लांबच लांब, शेवयांसारखे, एकमेकांत अडकलेले,
गरमपणी ताणले की एका दिशेला ओळीनं लागतात
आणि निवताना तसेच राहतात.
त्याला वाचून दाखवला.
"हां, तेच तर करतो," म्हणाला.
पण किती गरम? किती सेकंदांत?
एकदा वितळून पुन्हा दळलेल्या दाण्याला हे का मानवत नाही?
परिच्छेद तिथंच संपत होता.
रामसुमेर जेवायला गेला.

घरी आईला सांगितलं, हे सगळं गुंत्याचं शास्त्र आहे,
गुंता आहे म्हणूनच ते टिकतं.
ती फाटलं जाळं मांडीवर घेऊन होती.
"गुंता शिकाला पैसं भराचं?
बस हितं. फुकाट हाय."

आता गाळ्यात नवा पोरगा आहे.
प्रत्येक नग मिटतो, उघडतो.
का, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही
आणि तो विचारतही नाही.
माझी झोप तिथं उडते. याहून मोठं कारण
माझ्यापाशी नाही, आणलं तर उसनं असेल.

पुढचा रकाना शिफारसीचा.
प्राध्यापकांचं पत्र जोडलंय.
दुसरं नाव रामसुमेरचं लिहिलं, हुद्दा ऑपरेटर.
सहीपेक्षा अंगठा बरा, म्हणाला.
कागदावर निळा ठिपका उमटलाय,
आत एकही रेघ नाही.

चालेल का, ते कळवावं.